शेजारचा राउटर दिसतो, पण त्याचे रूट येत नाहीत: बिघाड टप्प्याटप्प्याने कसा शोधायचा

दोन राउटर एकाच केबलने थेट जोडलेले. दोन्हीकडचे दिवे हिरवे, पिंगही जातंय, आणि तरी राउटिंग टेबलमध्ये (कुठल्या नेटवर्ककडे कुठल्या वाटेने, म्हणजे रूटने, जायचं याची राउटरमधली यादी) पलीकडचं एकही नेटवर्क नाही. राउटिंग शिकणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येते. मग बहुतेक जण कॉन्फिगरेशन उघडतात आणि डोळे ताणून त्यात चूक शोधत बसतात. सापडली नाही तर प्रोटोकॉल काढून परत टाकतात, शेवटी राउटर रीस्टार्ट करतात. कधीकधी त्याने काम होतंही, आणि ते जास्त वाईट. काय बिघडलं होतं ते कळत नाही आणि काही दिवसांनी तेच दुखणं परत उभं राहतं.

त्यापेक्षा कॉन्फिगरेशन बघणं थोडा वेळ थांबवा आणि अपडेटच्या, म्हणजे राउटर आपले रूट शेजाऱ्याला कळवतो त्या संदेशाच्या, मागे जा. चार प्रश्न विचारायचे. समोरच्याने अपडेट पाठवलं का? ते माझ्या इंटरफेसवर पोचलं का? पोचलेलं माझ्या राउटरने स्वीकारलं का? स्वीकारलेला रूट टेबलमध्ये बसला का? प्रत्येक प्रश्नाचं हो किंवा नाही असं उत्तर देणारी कमांड राउटरवरच असते. पहिलं ‘नाही’ जिथे मिळेल तिथेच बिघाड आहे, पुढचं काही बघायचं नाही.

खालच्या कमांड सिस्को आयओएसच्या आहेत आणि उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या. दुसऱ्या कंपनीच्या राउटरवर शब्द बदलतील, क्रम तोच राहील. भर रिप, ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी या राउटिंग प्रोटोकॉलवर (राउटर एकमेकांना रूट कळवतात त्या पद्धतींवर) आहे. वेगवेगळ्या संस्थांची नेटवर्कं जोडणाऱ्या बीजीपीचं थोडक्यात शेवटी.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- दोन्ही राउटरवर लॉगिन. एकाच बाजूने बघून अर्धंच चित्र दिसतं. दोन खिडक्या शेजारी शेजारी उघडा.
- शक्य असेल तर कन्सोल केबल, म्हणजे कॉम्प्युटर थेट राउटरच्या कन्सोल पोर्टला जोडणारी. ज्या लिंकची दुरुस्ती करताय तिच्यावरूनच लॉगिन केलं असेल तर एका चुकीच्या कमांडने तुम्ही बाहेर.
- कागदावर काढलेली आकृती: कुठला पोर्ट कुठे, पत्ता काय, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) काय. हा कागद कॉन्फिगरेशन बघून नाही, ठरलेल्या आराखड्यावरून काढा. नाहीतर चूकच कागदावर उतरेल.
- दोन्हीकडच्या चालू कॉन्फिगरेशनची प्रत, बदल करण्याआधी घेतलेली.
- टर्मिनलच्या प्रोग्रॅममध्ये लॉग सुरू. डीबगच्या (राउटर आत काय करतोय ते दाखवणाऱ्या) ओळी स्क्रीनवरून वाहून जातात, नंतर शोधायला फाइल लागते.
- दोन्ही राउटरची घड्याळं जुळलेली, म्हणजे इकडची ओळ तिकडच्या ओळीशी ताडून बघता येते. पासवर्डला मुदत लावली असेल तर घड्याळ आणखीच महत्त्वाचं.

पायरी १: केबल, इंटरफेस, पत्ता

‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’ द्या. स्टेटस आणि प्रोटोकॉल अशा दोन रकान्यांत दोन्हीकडे ‘अप’ हवं. ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन’ दिसलं तर इंटरफेसवर ‘नो शटडाउन’ द्यायचं राहिलंय. ‘डाउन, डाउन’ म्हणजे केबल, पोर्ट किंवा समोरचा बंद. सीरियल लिंकवर ‘अप, डाउन’ दिसलं तर दोन शक्यता आधी बघा: डेटा गुंडाळण्याची पद्धत एका बाजूला एचडीएलसी आणि दुसरीकडे पीपीपी आहे, किंवा लॅबमध्ये दोन राउटर थेट जोडणाऱ्या केबलच्या डीसीई, म्हणजे वेळेचा ताल देणाऱ्या, टोकाला क्लॉक रेट दिलेला नाही. कुठलं टोक डीसीई आहे ते ‘शो कंट्रोलर्स’ सांगतं.

आता पत्ते. ‘ब्रीफ’मध्ये मास्क दिसत नाही आणि बरेच जण इथेच फसतात. मास्कसाठी ‘शो आयपी इंटरफेस’ किंवा इंटरफेसचं कॉन्फिगरेशन बघा. समजा लिंकला १०.१.१२.०/३० हे सबनेट (नेटवर्कचा तुकडा, /३० हा त्याचा मास्क) ठरलंय. त्यात वापरायला दोनच पत्ते आहेत, १०.१.१२.१ आणि १०.१.१२.२. पुढचं सबनेट १०.१.१२.४ पासून सुरू होतं. कुणी समोर १०.१.१२.५ टाकला तर नजरेला तो शेजारचाच वाटतो, पण ते नेटवर्क वेगळं आहे.

दुसरी गडबड जास्त छुपी. एका बाजूला १०.१.१२.१/२४ आणि दुसरीकडे १०.१.१२.२/३०. दोघांनाही समोरचा आपल्याच सबनेटमध्ये दिसतो, त्यामुळे पिंग बिनबोभाट जातं. रिप आणि ईआयजीआरपीही कुरकुर करत नाहीत. पण इथरनेटवर ओएसपीएफ मास्क ताडून बघतो आणि शेजार जुळवायला, म्हणजे समोरच्याशी रूटच्या देवाणघेवाणीचं नातं जोडायला, नकार देतो.

पत्त्यांचा घोळ असेल आणि पिंगच जात नसेल तर ‘शो सीडीपी नेबर्स डिटेल’ वापरा. सीडीपी हा सिस्कोचा शेजारी ओळखण्याचा प्रोटोकॉल आयपीच्या खालच्या थरावर चालतो, त्यामुळे पत्ता चुकीचा असला तरी समोरचा राउटर कोण, त्याचा पोर्ट कुठला आणि त्याने स्वतःला कुठला पत्ता दिलाय हे तो सांगतो. सीडीपीत भलताच शेजारी दिसला तर केबल चुकीच्या पोर्टमध्ये आहे. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं. मध्ये स्विच असेल तर तिथला व्हीलॅनही (स्विचमधला वेगळा आभासी विभाग) तपासा, कारण स्विचमुळे दोन्ही राउटरचे दिवे हिरवेच राहतात, भले ते दोघं एकमेकांना कधीच भेटत नसोत.

पायरी २: पिंगवर किती विश्वास ठेवायचा

‘पिंग जातंय म्हणजे लिंक ठीक आहे’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. पिंग हे एका पत्त्याहून दुसऱ्या पत्त्याला जाणारं छोटं आयसीएमपी पॅकेट. राउटिंगची अपडेट्स वेगळ्या वाटेने जातात:

- रिप आवृत्ती १: यूडीपी पोर्ट ५२०, ब्रॉडकास्ट (लिंकवरच्या सगळ्यांसाठीचा पत्ता) २५५.२५५.२५५.२५५ वर.
- रिप आवृत्ती २: तोच पोर्ट, पण मल्टिकास्ट (ठरावीक गटासाठीचा पत्ता) २२४.०.०.९ वर.
- ओएसपीएफ: ना टीसीपी ना यूडीपी, थेट आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८९. मल्टिकास्ट २२४.०.०.५ आणि २२४.०.०.६.
- ईआयजीआरपी: आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८८, मल्टिकास्ट २२४.०.०.१०.

म्हणून पिंग तीन प्रकारे करा. एक साधं. दुसरं मोठ्या आकाराचं, १५०० बाइटचं, तुकडे करू नका असा बिट लावून. हे अडकलं तर एमटीयूची (एका पॅकेटच्या कमाल आकाराची) भानगड आहे आणि ओएसपीएफला ती पुढे भोवणार. तिसरं पिंग थेट मल्टिकास्ट पत्त्यावर, म्हणजे ओएसपीएफसाठी ‘पिंग २२४.०.०.५’. त्या गटात सामील झालेला समोरचा राउटर स्वतःच्या पत्त्यावरून उत्तर देतो. साध्या पिंगला उत्तर आणि या पिंगला शांतता, असं झालं तर मधे कुणीतरी मल्टिकास्ट गिळतंय किंवा समोरच्या इंटरफेसवर प्रोटोकॉल सुरूच झालेला नाही. दुसरी शक्यता ‘शो आयपी इंटरफेस’मध्ये तपासता येते. इंटरफेस सामील असलेल्या मल्टिकास्ट गटांची यादी तिथे असते.

पीपीपीच्या सीरियल लिंकवर आणखी एक गंमत आहे. पीपीपी जोडणी होताना समोरच्याच्या पत्त्याचा /३२ रूट आपोआप टेबलमध्ये बसतो. त्यामुळे दोन टोकं पूर्ण वेगळ्या सबनेटमध्ये असली तरी पिंग जातं. रिप मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता आपल्या इंटरफेसच्या सबनेटमधला आहे का ते बघतो आणि नसेल तर अपडेट टाकून देतो.

पायरी ३: समोरचा पाठवतोय का

ही पायरी पलीकडच्या राउटरवर करायची, रूट जिथे येत नाहीत तिथे नाही. ‘शो आयपी प्रोटोकॉल्स’ ही माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी कमांड, आणि नवशिके ती सर्वांत कमी वापरतात. प्रोटोकॉल कुठल्या नेटवर्कांसाठी चालू आहे, कुठले इंटरफेस पॅसिव्ह आहेत, रिपची कुठली आवृत्ती जाते आणि कुठली स्वीकारली जाते, कुणाकडून शेवटचं अपडेट कधी आलं, हे सगळं एका पानावर मिळतं.

‘नेटवर्क’ ओळीचा अर्थ आधी नीट समजून घ्या. या ओळीने नेटवर्कची जाहिरात होते असं बरेच जण धरून चालतात. खरं तर ही ओळ इंटरफेस निवडते. या पट्ट्यातला पत्ता ज्या इंटरफेसवर आहे तिथे प्रोटोकॉल सुरू कर आणि त्या इंटरफेसचं नेटवर्क सांग, एवढंच ती म्हणते. म्हणून लिंकचं नेटवर्क लिहून लॅनचं विसरलात तर शेजार छान जुळतो, पण सांगायला काही नसतं. आणि लॅनचं लिहून लिंकचं विसरलात तर सांगायला आहे, पण ऐकणारा कुणी नाही.

रिपमध्ये ही ओळ पत्त्यांच्या जुन्या ए, बी, सी वर्गांनुसार जाते. ‘नेटवर्क १०.१.१२.०’ टाइप केलं तरी कॉन्फिगरेशनमध्ये १०.०.०.० दिसतं. ते बरोबरच आहे, पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. ओएसपीएफमध्ये मास्क उलटा लिहायचा असतो. /३० साठी ०.०.०.३.

पॅसिव्ह इंटरफेसची गोष्ट प्रोटोकॉलनुसार बदलते आणि लक्षणंही बदलतात. रिपमध्ये पॅसिव्ह इंटरफेस पाठवणं बंद करतो, ऐकणं चालू ठेवतो. त्यामुळे एका राउटरला सगळं कळतं आणि दुसऱ्याला काहीच नाही. असं एकतर्फी चित्र रिपमध्ये दिसलं की आधी पॅसिव्ह तपासा. ओएसपीएफ आणि ईआयजीआरपीमध्ये पॅसिव्ह केल्यावर हॅलोच (शेजार ओळखण्याचं छोटं पॅकेट) जात नाही, म्हणजे शेजारच जुळत नाही. ‘पॅसिव्ह-इंटरफेस डिफॉल्ट’ टाकून लिंकचा इंटरफेस मोकळा करायला विसरणं हा यातला नेहमीचा प्रकार.

रिपसाठी पाठवणाऱ्या राउटरवर ‘डीबग आयपी रिप’ चालू करा. तीसएक सेकंदांत अशी ओळ यायला हवी:

रिप: सेंडिंग व्ही२ अपडेट टू २२४.०.०.९ व्हाया गिगाबिटइथरनेट०/० (१०.१.१२.२)

तिच्याखाली पाठवलेल्या नेटवर्कांची यादी येते. यादीच्या जागी ‘सप्रेसिंग नल अपडेट’ आलं तर राउटर पाठवायला तयार आहे, पण त्याच्याकडे या बाजूला सांगण्यासारखं काही नाही. लॅबमध्ये याचं कारण बहुतेकदा क्षुल्लक असतं: लॅनच्या पोर्टला काहीही जोडलेलं नाही, म्हणून तो डाउन आहे, म्हणून ते नेटवर्क टेबलमध्येच नाही, म्हणून जाहिरातही नाही. पोर्टला काहीतरी जोडा किंवा सरावासाठी लूपबॅक (केबल न लागणारा आभासी) इंटरफेस तयार करा. ओएसपीएफ लूपबॅकचा रूट मूळ मास्क काहीही असला तरी /३२ म्हणून सांगतो, तो बिघाड नाही.

इथेच स्प्लिट होरायझनचंही ध्यानात ठेवा. ज्या इंटरफेसवरून रूट शिकला, त्याच इंटरफेसवरून तो परत सांगायचा नाही असा हा नियम. तुमचेच रूट समोरच्याच्या अपडेटमध्ये दिसत नाहीत म्हणून काळजी करू नका.

पायरी ४: माझ्यापर्यंत पोचतंय का

आता आपल्या राउटरवर या. डीबग लावण्याआधी ‘नो लॉगिंग कन्सोल’ आणि ‘लॉगिंग बफर्ड’ करून घ्या, म्हणजे ओळी बफरमध्ये साठतात आणि कन्सोल गुदमरत नाही. चालू कामाच्या राउटरवर ‘डीबग आयपी पॅकेट’ सरसकट लावू नका. प्रत्येक पॅकेटची ओळ छापण्याच्या नादात राउटर बसतो. प्रोटोकॉलपुरता डीबग पुरतो: ‘डीबग आयपी रिप’, ‘डीबग आयपी ओएसपीएफ हॅलो’, ‘डीबग ईआयजीआरपी पॅकेट्स हॅलो’. काम झालं की लगेच ‘अनडीबग ऑल’.

समोरचा पाठवतोय हे पायरी ३ मध्ये पक्कं झालं आणि इथे एकही ओळ येत नसेल, तर पहिला संशय अ‍ॅक्सेस लिस्टवर घ्या. कुठली पॅकेट्स जाऊ द्यायची आणि कुठली नाही ते ठरवणारी ही यादी. इंटरफेसवर आत येणाऱ्या दिशेला लावलेली यादी बघा. आयसीएमपीला परवानगी, टीसीपीला परवानगी, यूडीपीला परवानगी, सगळं वाचताना उदार वाटतं. पण ओएसपीएफ आणि ईआयजीआरपी या तिघांपैकी कशातच बसत नाहीत, आणि यादीच्या शेवटी न लिहिलेला ‘बाकी सगळं नाकारा’ हा नियम असतोच. पिंग जातं, टेलनेट जातं, रिपही चालतं, ओएसपीएफ तेवढा मरतो. शेवटी लॉगसह ‘डिनाय आयपी एनी एनी’ ही ओळ उघडपणे लिहा आणि ‘शो अ‍ॅक्सेस-लिस्ट्स’ दहा-दहा सेकंदांनी द्या. त्या ओळीचा आकडा हॅलोच्या तालावर वाढत असेल तर चोर सापडला.

बाहेर जाणाऱ्या दिशेच्या यादीवर वेळ घालवू नका. आयओएसमध्ये राउटरने स्वतः तयार केलेली पॅकेट्स तिच्यातून जात नाहीत. लिनक्सवर राउटिंग चालवत असाल तर हे लागू नाही, तिथे दोन्ही दिशांची फायरवॉल तपासावी लागते.

अ‍ॅक्सेस लिस्ट स्वच्छ निघाली तर मधल्या उपकरणाकडे वळा. दोन राउटरच्या मधे आयपी थरावर काम करणारी पेटी असेल तर ही मल्टिकास्ट पॅकेट्स पलीकडे जाणार नाहीत. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा एका लिंकपुरताच असतो, कुठलाही राउटर तो पुढे ढकलत नाही. टनेलवर आणि फ्रेम रिलेसारख्या जाळ्यांवर मल्टिकास्ट आपोआप चालेल असं धरू नका, तिथे त्यासाठी वेगळी सोय करावी लागते.

ओएसपीएफमध्ये एकतर्फी पोच ओळखणं सोपं आहे. ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’मध्ये शेजारी ‘इनिट’ अवस्थेत अडकलेला दिसतो. त्याचा हॅलो मला मिळतोय, पण त्याच्या हॅलोमध्ये माझं नाव नाही. म्हणजे माझा हॅलो त्याला मिळत नाहीये. बिघाड त्याच्याकडे आत येण्याच्या वाटेवर शोधायचा, आपल्याकडे नाही. इथे उलट्या बाजूला खणत बसणारे कमी नाहीत.

पायरी ५: पोचलं, पण नाकारलं का

माझ्या अनुभवात सर्वांत जास्त प्रकरणं इथे सुटतात, कारण नाकारताना राउटर बहुतेक वेळा कारण सांगतो. ओळ नीट वाचायची एवढंच.

आधी रिप. आवृत्ती सांगितली नाही तर आयओएस आवृत्ती १ पाठवतो आणि दोन्ही स्वीकारतो. एका राउटरवर ‘व्हर्जन २’ लिहिलं आणि दुसऱ्यावर राहिलं, की पहिल्यावर असं दिसतं:

रिप: इग्नोर्ड व्ही१ पॅकेट फ्रॉम १०.१.१२.२ (इल्लीगल व्हर्जन)

दुसऱ्याला मात्र रूट मिळत राहतात, म्हणून बिघाड पहिल्यातच आहे असं वाटतं. उपाय दुसऱ्यावर: दोन्हीकडे ‘व्हर्जन २’. कंसात ‘इनव्हॅलिड ऑथेंटिकेशन’ आलं तर पासवर्ड किंवा त्याची पद्धत जुळत नाही. ‘बॅड सोर्स’ आलं तर पायरी १ वर परत जा, पत्त्यांचे सबनेट वेगळे आहेत.

ओएसपीएफचा डीबग सुरुवातीला गूढ वाटतो, पण त्याइतकं स्पष्ट बोलणारं दुसरं काही नाही:

मिसमॅच्ड हॅलो पॅरामीटर्स फ्रॉम १०.१.१२.२
डेड आर ४० सी १२०, हॅलो आर १० सी ३०, मास्क आर २५५.२५५.२५५.२५२ सी २५५.२५५.२५५.२५२

‘आर’ म्हणजे समोरून आलेलं, ‘सी’ म्हणजे माझ्याकडे लिहिलेलं. जोड्या ताडायच्या. इथे मास्क जुळतोय, पण समोरचा १० आणि ४० सेकंदांवर आहे, मी ३० आणि १२० वर. पहिला आकडा किती वेळाने हॅलो पाठवायचा याचा, दुसरा किती वेळ हॅलो आला नाही की शेजारी गेला समजायचा याचा. १० आणि ४० हे इथरनेट आणि पॉइंट-टू-पॉइंटचे ठरलेले आकडे, ३० आणि १२० नॉन-ब्रॉडकास्ट प्रकाराचे. म्हणजे कुणी टायमर हाताने बदललेत असं नसून, माझ्या इंटरफेसचा नेटवर्क प्रकार वेगळा झालाय असं बहुधा निघतं. नुसते टायमर जुळवून मोकळे झालात तर खरं कारण तसंच राहील.

ओएसपीएफमध्ये जुळायलाच हव्यात अशा गोष्टी: एरिया क्रमांक (ओएसपीएफचं जाळं ज्या विभागांत वाटलेलं असतं त्यांचा), हॅलो आणि डेडचे टायमर, इथरनेटवर मास्क, ऑथेंटिकेशन (पासवर्डची तपासणी), आणि एरिया स्टब (बाहेरचे रूट आत न घेणारा) आहे की नाही. राउटर आयडी (प्रत्येक राउटरची ओळख) मात्र वेगळेच हवेत. कॉन्फिगरेशन एका राउटरवरून दुसऱ्यावर उचलून डकवलं की आयडीही तोच जातो आणि शेजार जुळत नाही. प्रोसेस क्रमांक जुळण्याची गरज नाही, तो त्या राउटरपुरता असतो.

एरिया चुकल्यावर येणारा संदेश विशेष दिशाभूल करतो. एकीकडे एरिया ० (म्हणजे बॅकबोन) आणि दुसरीकडे एरिया १ असेल, तर लॉगमध्ये ‘मिसमॅच एरिया आयडी’च्या पुढे ‘बॅकबोन एरियाकडून आलंय, व्हर्च्युअल लिंक हवी होती पण सापडली नाही’ अशा अर्थाचं वाक्य येतं. ते वाचून माणूस व्हर्च्युअल लिंक बांधायला लागतो. काही बांधायचं नाही, एरियाचा आकडा दुरुस्त करायचा.

पासवर्डच्या बाबतीत डीबग प्रकाराचे आकडे देतो: ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे साधा मजकूर, २ म्हणजे एमडी५. ‘आलेल्या पॅकेटचा प्रकार ०, आपण वापरतो २’ असं दिसलं तर समोर ऑथेंटिकेशन चालूच केलेलं नाही. प्रकार जुळूनही नकार येत असेल तर की आयडी (पासवर्डला दिलेला क्रमांक) ताडा. तोही जुळत असेल तर पासवर्डच्या शेवटी चिकटलेली रिकामी जागा शोधा. दुसऱ्या फाइलमधून कॉपी करून डकवताना ती सोबत येते, राउटर तिला पासवर्डचा भाग मानतो आणि स्क्रीनवर दिसायला काहीच नसतं. संशय आला तर पासवर्ड दोन्हीकडे हाताने टाइप करा.

मग येतो ‘एक्सस्टार्ट’ किंवा ‘एक्सचेंज’मध्ये अडकलेला शेजारी. हॅलो जुळले, दोघांनी एकमेकांना ओळखलं, पण माहितीची देवाणघेवाण सुरू होऊन थांबली. जवळजवळ नेहमी कारण एमटीयू. डेटाबेसचं वर्णन करणाऱ्या पॅकेटमध्ये राउटर आपल्या इंटरफेसचा एमटीयू लिहितो, आणि ऐकणाऱ्याचा त्याहून लहान असेल तर तो ते पॅकेट नाकारतो. हॅलोमध्ये ही तपासणी नसते, म्हणून गाडी तिथपर्यंत पोचते. ‘आयपी ओएसपीएफ एमटीयू-इग्नोर’ टाकलं की शेजार लगेच ‘फुल’ होतो आणि सगळे खूश. पण ते ठिगळ आहे. मोठी पॅकेट्स पुढे अडकतच राहतील. दोन्हीकडचा एमटीयू सारखा करा.

‘टू-वे’वर थांबलेला शेजारी दरवेळी आजारी नसतो. एकाच स्विचवर बरेच राउटर असतील तर ओएसपीएफ त्यांच्यातून एक प्रमुख आणि एक राखीव राउटर निवडतो, आणि निवडून न आलेले दोघं एकमेकांशी ‘टू-वे’वरच राहतात, तसंच अपेक्षित आहे. मात्र दोनच राउटर आहेत आणि दोघांचीही प्रायोरिटी ० (म्हणजे निवडणुकीला उभं राहायचं नाही) केली आहे, तर निवडणूक होतच नाही आणि दोघंही तिथेच खिळतात.

ईआयजीआरपीत एएस क्रमांक (प्रोटोकॉल सुरू करताना दिलेला गटाचा क्रमांक) आणि के मूल्यं (मार्गाची किंमत मोजताना वापरायचे आकडे) जुळायला हवीत. के मूल्यं चुकली तर लॉगमध्ये ‘के-व्हॅल्यू मिसमॅच’ येतं, सबनेट चुकला तर ‘नॉट ऑन कॉमन सबनेट’. एएस क्रमांक चुकला तर मात्र काहीच येत नाही. पूर्ण शांतता आणि बाकी सगळं ठीक, असं दिसलं की दोन्हीकडचा एएस क्रमांक आकडा-आकडा वाचून ताडा. टायमर जुळण्याची सक्ती इथे नाही, पण एक पेच आहे: होल्ड टायमर आपण स्वतःसाठी लावत नाही, ‘माझी एवढा वेळ वाट बघ’ असं शेजाऱ्याला सांगतो. इथरनेटवर हॅलो ५ आणि होल्ड १५ सेकंद असतो. हॅलो २० केला आणि होल्ड १५ च ठेवला, तर शेजार जुळतो, तुटतो, पुन्हा जुळतो.

पायरी ६: स्वीकारलं, पण टेबलमध्ये का नाही

शेजार ‘फुल’ आहे, अपडेट आलं, तक्रार नाही, आणि ‘शो आयपी रूट’मध्ये रूट नाही. क्रमाने बघा.

तोच रूट दुसऱ्या, जास्त विश्वासाच्या मार्गाने बसलाय का? हा विश्वास ‘अंतर’ नावाच्या आकड्याने मोजतात, आकडा लहान तितका विश्वास जास्त: थेट जोडलेल्याचं अंतर ०, स्टॅटिकचं (हाताने लिहिलेल्या रूटचं) १, ईआयजीआरपीचं ९०, ओएसपीएफचं ११०, रिपचं १२०. कुणीतरी चाचणीसाठी टाकलेला आणि विसरलेला स्टॅटिक रूट इथे हमखास निघतो.

रिपमध्ये मेट्रिक (वाटेतल्या राउटरची, म्हणजे हॉपची, संख्या) १६ झालाय का? १५ हॉपच्या पुढचं सगळं रिपसाठी अगम्य. डिस्ट्रिब्यूट लिस्ट (रूट गाळणारी यादी) लावलेली आहे का, तेही ‘शो आयपी प्रोटोकॉल्स’च सांगेल. एकाच मोठ्या नेटवर्कचे तुकडे लिंकच्या दोन्ही बाजूंना विखुरलेले असतील, उदाहरणार्थ १७२.१६.१.० इकडे आणि १७२.१६.२.० तिकडे, आणि मधली लिंक १० च्या नेटवर्कमधली, तर ‘ऑटो-समरी’मुळे दोघंही एकमेकांना ‘१७२.१६.०.० माझ्याकडे आहे’ एवढंच सांगतात आणि नेमके तुकडे हरवतात. रिप आवृत्ती २ मध्ये ‘नो ऑटो-समरी’ लिहा. आवृत्ती १ मास्क पाठवतच नाही, तिथे हा उपाय नाही.

ओएसपीएफमधला एक प्रकार अनुभवी लोकांनाही चकवतो. एकीकडे इंटरफेस ब्रॉडकास्ट प्रकारचा, दुसरीकडे पॉइंट-टू-पॉइंट. दोन्हीचे टायमर १० आणि ४० च असल्याने शेजार ‘फुल’ होतो, पण लिंकचं वर्णन दोघं वेगवेगळं करतात आणि रूट बसत नाही. ‘शो आयपी ओएसपीएफ डेटाबेस राउटर’मध्ये ‘अ‍ॅडव्हर्टायझिंग राउटर इज नॉट-रीचेबल’ असं लिहिलेलं सापडतं. ‘शो आयपी ओएसपीएफ इंटरफेस’ने दोन्हीकडचा नेटवर्क प्रकार ताडून सारखा करा.

पायरी ७: बीजीपी असेल तर

इथे मल्टिकास्ट नाही, टीसीपी पोर्ट १७९ वरची जोडणी आहे. त्यामुळे साधं पिंग इथे जास्त कामाचं. शेजाऱ्याचा पत्ता आणि त्याचा एएस क्रमांक (इथे त्याच्या संस्थेच्या नेटवर्कचा क्रमांक) दोन्हीकडे बरोबर लिहिलाय का, आणि १७९ पोर्ट कुठे अडतोय का, एवढं आधी बघा. ‘अ‍ॅक्टिव्ह’ ही अवस्था नावावरून चांगली वाटते, पण तिचा अर्थ जोडणीचे प्रयत्न सुरू आहेत आणि अजून जमलेलं नाही असा. जोडणी लूपबॅकच्या पत्त्यांवर करायची असेल तर ‘अपडेट-सोर्स’ लागतो, आणि वेगळ्या एएसमधल्या शेजाऱ्यासाठी ‘ईबीजीपी-मल्टिहॉप’ही, कारण तिथे पॅकेटचा टीटीएल (ते किती हॉप जाऊ शकतं तो आकडा) मुळात १ असतो.

पायरी ८: दुरुस्तीनंतर

रिपमध्ये निकाल लगेच मागू नका. अपडेट दर ३० सेकंदांनी जातं, १८० सेकंद काही आलं नाही तर रूट अवैध ठरतो, होल्डडाउनही (त्या रूटबद्दलची नवी बातमी न मानण्याचा काळ) १८० सेकंदांचा, आणि रूट पूर्ण पुसला जातो २४० व्या सेकंदाला. ‘पॉसिबली डाउन’ दिसत असताना आणखी चार बदल केलेत तर कुठल्या बदलाने काम झालं ते कधीच कळणार नाही. एका वेळी एक बदल, मग थांबणं.

नंतर ‘शो आयपी प्रोटोकॉल्स’मध्ये ‘लास्ट अपडेट’चा रकाना दोन-तीनदा बघा. रिपसाठी तो ३० च्या आसपास जाऊन परत शून्यावर येत राहायला हवा. दोन मिनिटांच्या पुढे जाऊन मग शून्यावर येत असेल तर अपडेट्स मधेमधे हरवतायत, आणि तो बिघाड लिंकचा आहे: ‘शो इंटरफेसेस’मधले सीआरसी (वाटेत बिघडलेली पॅकेट्स) आणि इनपुट एररचे आकडे बघा. ओएसपीएफमध्ये शेजाऱ्याचा कालावधी सलग वाढतोय ना, तेही तसंच तपासा.

चाचणीसाठी काढलेली अ‍ॅक्सेस लिस्ट परत लावा, पण या वेळी प्रोटोकॉल ८९ किंवा ८८ ची परवानगी तिच्यात घालून. ‘अनडीबग ऑल’ दोन्ही राउटरवर. मग ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’, तेही दोन्हीकडे.